घरची जत्रा, घरचे पंच

"पंच कुठले हुते?"

बातमी अर्धीसुद्धा वाचून झाली नव्हती, तोच कारभारीने हा प्रश्न टाकला. राधाकृष्ण गुरुजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. बोरवेढ्याच्या शाळेत एकच वर्तमानपत्र यायचं, तेही पाथर्डीहून दुपारच्या एसटीने, एक दिवस शिळं होऊन. शाळा सुटली की गुरुजी पायरीवर बसून ते चारचौघांना वाचून दाखवायचे. बहात्तर सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. जपानातल्या साप्पोरो नावाच्या गावी हिवाळी ऑलिंपिक भरलं होतं. त्यात एक खेळ असा, की पायाला लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं आणि हवेत झेप घ्यायची. जो लांब जाईल आणि डौलात उतरेल तो जिंकला. या खेळात पहिला आला जपानी, दुसरा जपानी, आणि तिसराही जपानीच.

"जत्रा जपानची, आखाडा जपानचा, आन तिन्ही फेटे जपानलाच?" कारभारी म्हणाला. "गुरुजी, ह्याआधी ह्यांनी किती मारले हुते?"

गुरुजी प्रामाणिक माणूस. बातमीत शोधून त्यांनी सांगितलं, की हिवाळी खेळांत जपानला आजवर एकच पदक मिळालं होतं, तेही दुसऱ्या नंबराचं, सोळा वर्षांपूर्वी.

"मग झालं तर!" कारभारीने मांडीवर थाप मारली. "सोळा वरसं हात हालवत परत, आन घरी जत्रा भरली की एका दिसात तीन! आवो, ह्याला खेळ म्हनत न्हाईत. ह्याला पावन्यांना जेवाय बोलवून आपनच ताटावर बसनं म्हनत्यात."

कारभारी रंभाजी हा गडी इतका संशयी, की बोरवेढ्यात कुणी फार चिकित्सा करू लागला तर लोक म्हणायचे, "उगा कारभारी होऊ नको." म्हैस त्याच्याच गोठ्यातली, धार त्याच्याच बायकोने काढलेली, तरी दुधाचा पेला हाती आला की आधी त्यात बोट बुडवायचं, थेंब कसा ओघळतो ते निरखायचं आणि मगच पेला तोंडाला लावायचा. गोजरबाई पहिल्या वर्षी त्यावरून रडली, दुसऱ्या वर्षी भांडली, आणि पुढे "बुडवा, बुडवा, बोटालाबी पोसाय पायजे" म्हणून मोकळी झाली. गावात वीज आली तेव्हा दिवा मालवल्यावर तारेतली वीज कुठं जाते, याचा जाब त्याने वायरमनला विचारला होता. वायरमनला सांगता आलं नाही, तेव्हापासून वायरमनही त्याच्या संशयाच्या यादीत गेला.

पण हा संशय काही तो आईच्या पोटातून घेऊन आला नव्हता. तो त्याला लागला सावरखेडीच्या आखाड्यात, एकोणपन्नास साली.

तेव्हा कारभारी चोवीस वर्षांचा होता, आणि कुस्तीत त्याचं नाव होतं. ओढ्यापलीकडच्या सावरखेडीत जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरायचा. शेवटची कुस्ती मानाच्या फेट्याची. ती लागली कारभारीची आणि सावरखेडीच्या बन्सीची. पंच एकटा, सावरखेडीचाच सहादेवअण्णा. अर्धा तास खडाखडी झाली, मग दोघं एकात एक गुंतून खाली आले, धुरळा उडाला, आणि सहादेवअण्णाने बन्सीचा हात वर केला. कारभारी ओरडून सांगत राहिला, "माझा उजवा खांदा वर हुता! चार बोटं वर हुता!" दोन्ही खांदे टेकल्याशिवाय चीत धरत नाहीत, पण कोण ऐकतंय? हलग्या कडाडत होत्या, बन्सी लोकांच्या खांद्यावर चढला होता. कारभारी तसाच लंगोटावर ओढा ओलांडून घरी आला आणि गोजरबाईपुढे पाठ करून उभा राहिला. "उजव्या खांद्याला माती हाय का बघ." गोजरबाई म्हणाली, "अवो, माती तर टाळूपासून टाचंपत्तुर हाय." यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं, पण कारभारीने तो पुरावा आपल्या बाजूचा धरला.

त्या दिवसापासून तो सावरखेडीचं पाणी प्यायला नाही. सहादेवअण्णा बाजारात समोर आला तर तो रस्ता बदलायचा.

पुढे वय वाढलं, कारभारी वस्ताद झाला आणि बोरवेढ्याच्या हगाम्याचा पंचही. पंच होताच त्याने एक नियम घातला, जो साऱ्या तालुक्यात दुसरीकडे कुठे नव्हता. शेवटची कुस्ती बोरवेढ्याच्या पैलवानाने धरायची नाही. फेटा बाहेरच्यालाच जायचा. "आपल्या आखाड्यात आपला पंच, आन फेटाबी आपलाच? थू! लोक शेन घालतील तोंडात." गावाने कुरकुर केली, पण कारभारीचा सच्चेपणा सगळ्यांना ठाऊक होता. नियम टिकला. बाहेरगावचे लोक बोरवेढ्याच्या हगाम्याला नावाजायचे, आणि ते ऐकून कारभारीची छाती फुगायची.

या नियमाखाली भरडला जात होता तो गोरक्ष, कारभारीचा पुतण्या. बाप लवकर गेला, म्हणून चुलत्याच्याच हाताखाली वाढला. पंचवीस वर्षांचा, अंगाने भरलेला, बारा गावांत त्याला जोड नाही. शेवगावचा फेटा त्याने मारला, करंजीचा मारला. पण आपल्या गावच्या माणसांसमोर, आखाड्याच्या ज्या हौदातली माती त्याने लहानपणापासून कुदळीने खणली त्या हौदात, शेवटची कुस्ती त्याला कधी मिळाली नाही. आणि आता वेळ उरली नव्हती. डावा गुडघा सुजायला लागला होता. नगरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, हा एवढा हंगाम काढ, मग लंगोट खुंटीला टांग. म्हणजे यंदाची अखितीनंतरची जत्रा हीच शेवटची. घरची ही एक कुस्ती सोडून गोरक्षला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

जपानची बातमी त्यानेही पायरीवर बसून ऐकली होती. त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "तात्या, त्या जपानवाल्यांनी घरच्या पोरांना निदान उडू तरी दिलं."

"आन जगानं काय म्हनलं आसंल त्यांना?"

"जगाचं मला ठावं न्हाई. पर त्यांच्या आया बघत हुत्या."

 भाकरीचा तुकडा मोडून कारभारी उगाच कालवणात फिरवत राहिला.

आठवड्याने गुरुजींनी त्याला मुद्दाम हाक मारून बोलावलं. त्याच उड्यांचा मोठा सामना झाला होता, आणखी उंच टेकडीवरून. त्यात जिंकला पोलंड नावाच्या देशाचा कुणी पोरगा, ज्याचं नाव आधी कुणी ऐकलंही नव्हतं, आणि तोही अगदी केसभर फरकाने. जपानचा तो पहिला आलेला गडी या वेळी सातवा.

"सातवा?" कारभारीने दोनदा विचारलं.

"सातवा. त्याच गावात, आपल्याच लोकांसमोर. आता बोला. पंच लबाड असते तर मोठी कुस्ती त्यांनी सोडली असती का?"

कारभारीने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "लहानी खाल्ली, मोठी सोडली. पचाय पायजे ना!" पण त्याच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता, हे गुरुजींनी हेरलं.

मग गुरुजींनी त्याला या खेळाचे पंच कसे असतात ते समजावलं. एक नसतो, पाच असतात, वेगवेगळ्या देशांचे. प्रत्येक जण डौलाचे गुण देतो. त्यातला सगळ्यात जास्त देणारा आणि सगळ्यात कमी देणारा, दोघांचेही गुण काढून टाकतात. उरलेल्या तिघांचे धरतात.

"म्हंजे ज्याला लई पुळका त्यो बाद, आन ज्याच्या पोटात दुखतंय त्योबी बाद?"

"अगदी बरोबर."

कारभारी उठून चालू लागला. फाटकापर्यंत गेला आणि परत आला. "ही युक्ती कुनी काढली? त्यो मानूस लई संशयी आसनार," असं म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून परक्या मुलखातल्या कुणाचं कौतुक बाहेर पडलं.

तरी खात्री पटायला डोळ्यांनी बघायला हवं होतं. चैत्रात पाथर्डीच्या बाजाराला तंबूतला सिनेमा आला. मूळ खेळाच्या आधी सरकारी बातम्यांचं चित्र दाखवायचे, आणि त्यात साप्पोरोच्या उड्या आहेत असं गोरक्षने ऐकून आणलं. कारभारी ओळीने तीन बाजार गेला. अगदी पुढे, पडद्याखाली मातीत बसला. पहिल्या वेळी त्याने तार शोधली, कारण नाटकातले देव तारेवरच उडतात. तार दिसली नाही. दुसऱ्या वेळी त्याने बर्फाचा छडा लावायचा प्रयत्न केला. त्याने जन्मात बर्फ पाहिला होता तो गारेगारवाल्याच्या गाडीवरचा, भुश्यात गुंडाळलेला. एवढा सगळा बर्फ गोळा करणं त्याला पटेना, ते मीठच असावं असं त्याचं मत पडलं. तिसऱ्या वेळी मात्र त्याने फक्त माणूस पाहिला. हात अंगाला चिकटवून, नाक फळ्यांच्या टोकांशी नेऊन तो पोरगा वाऱ्यावर पडून राहिला होता, आणि खाली त्याचीच माणसं वर तोंडं करून उभी होती. त्यात एक म्हातारी होती. ती त्या पोराची कुणी होती की नव्हती, देव जाणे. पण ती पडद्यावर होती तोवर कारभारी तिच्याच तोंडाकडे बघत राहिला. मूळ सिनेमा न बघताच तो उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने गावच्या पारावर माणसं जमवली आणि नवा नियम सांगितला. यंदा शेवटची कुस्ती गोरक्ष धरील. पण पंच पाच बसतील, पाच गावांचे. त्यातला बोरवेढ्याचा पंच आणि ज्या गावचा पैलवान समोर येईल त्या गावचा पंच, दोघं बसतील, बघतील, पण त्यांचा शब्द धरायचा नाही. निकाल मधल्या तिघांचा.

"म्हंजे तुमचा शबुदबी धरायचा न्हाई?" कुणीतरी विचारलं.

"सगळ्यात आधी माझा सोडायचा. माझा पुतन्या हाय त्यो."

गोरक्षने तिथल्या तिथे चुलत्याचे पाय धरले. घरी गेल्यावर गोजरबाईने नवऱ्यापुढे दुधाचा पेला ठेवला आणि म्हणाली, "आज बोट नगा बुडवू. आज तुमी मानसात आलाय." कारभारीने तरीही बुडवलं. सवय ती सवय.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलता कलता, शेवटची कुस्ती पुकारली. समोरून आला कानिफनाथ, सावरखेडीचा. त्याच जुन्या बन्सीने तयार केलेला पठ्ठ्या. आणि सावरखेडीचा पंच म्हणून काठी टेकत आला सहादेवअण्णा, आता सत्तरीचा, भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. ज्यांचा शब्द धरायचा नाही त्या दोघांसाठी हौदाच्या कडेला एकच घोंगडी टाकलेली होती. तेवीस वर्षं एकमेकांचं तोंड टाळणारे दोघं शेजारी शेजारी बसले. मध्ये सहादेवअण्णाने गावाहून आणलेला पाण्याचा तांब्या होता.

"बरं हाय का, कारभारी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कुस्ती बघा," कारभारी म्हणाला.

कुस्ती बघण्यासारखीच झाली. गोरक्षने दोनदा पट काढून कानिफनाथला खाली घेतलं, दोन्हीदा तो मासळीसारखा निसटला. बायका शाळेच्या ओट्यावर उभ्या होत्या, गोजरबाई पदर तोंडात धरून. हलगीवाल्याला कारभारीने ताकीद दिली होती, दोघांसाठी सारखीच वाजव. तरी गावची हलगी गावच्या पोराला बघून चढायचीच. वीस मिनिटांनी गोरक्षचा डावा गुडघा डगमगला. कानिफनाथने तेवढ्यात ढाक मारली आणि दोघं उडून पडले ते थेट घोंगडीपुढे, तीन हातांवर.

कारभारीने पाहिलं. गोरक्षचा डावा खांदा मातीत, आणि उजवा खांदा खाली येतोय. आला. टेकला. लाल मातीत दाबला गेला, पापणी लवून उघडावी इतका वेळ. मग कानिफनाथचा भार सैल झाला आणि तोच खांदा वर उठला. एक बोट, दोन बोटं, चार बोटं.

गलका झाला. मधल्या तिघा पंचांतला एक म्हणाला, पाठ लागली. दुसरा म्हणाला, नाही लागली, खांदा वर होता. तिसऱ्याच्या समोर धुरळा आला होता. तो भला माणूस, दिसलं नाही असं सरळ बोलला. बोरवेढं एका सुरात ओरडू लागलं, "सोडवा! कुस्ती सोडवा! फेटा दोघांत!" सावरखेडीवाले लाठ्या आवळून पुढे सरकले. तिसरा पंच घोंगडीकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, "तुमा दोघांचा शबुद धरायचा न्हाई, ठरलंय. पर समोर तुमीच हुता. काय करायचं सांगा."

सहादेवअण्णाने तोंड उघडलं नाही. त्याने काही म्हटलं असतं तर कुणी मानलं असतं? तो मातीकडे बघत राहिला.

कारभारीने नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसला असता तर कुस्ती बरोबरीत सुटत होती, गोरक्षच्या डोक्याला अर्धा का होईना घरचा फेटा लागत होता, आणि कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं नसतं. बोलायचा अधिकार त्याने स्वतःच सोडलेला होता.  तरी तो उठला.

"लागली," कारभारी म्हणाला. "गोरक्षची पाठ लागली. मी बघितली."

हलगी थांबली. हौदातून गोरक्ष उठला, मातीने माखलेला, डोळे ताठ. "तात्या, खांदा वर हुता माझा! उजवा! चार बोटं वर हुता!"

कारभारी परत घोंगडीवर बसला. पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याचा खांदा खरोखर वर होता, चार बोटंच वर होता, फक्त टेकून झाल्यावर. पडलेल्याला खांदा टेकल्याचं कळत नाही, उठल्याचं तेवढं कळतं. कानात रक्त घुमत असतं, आणि आपली पाठ कुणाला दिसते?

त्याने शेजारी न बघता विचारलं, "अण्णा, माझाबी आधी टेकला हुता?"

"टेकला हुता," सहादेवअण्णा म्हणाला. "मग उठला. मी टेकल्याला बघितला, तुला उठल्याला ठावं. मी तरी तुला काय म्हनून सांगू? गाव माझं, पैलवान माझा, पंच मी. तुझ्या जागी मीबी इस्वास ठेवला नसता."

म्हाताऱ्याने तांब्या पुढे केला. कारभारीने तो दोन्ही हातांनी घेतला आणि सावरखेडीचं पाणी घटाघटा प्यायला. डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसू नये म्हणून तांब्या जरा जास्तच वेळ तोंडाला धरला.

फेटा कानिफनाथला गेला, आणि गावाने कारभारीला सोडलं नाही. फितूर झाला, सावरखेडीवाल्यांनी काहीतरी चारलं, घोंगडीवर दोघांची कुजबुज आम्ही पाहिली, असं जो तो बोलत राहिला. ज्या माणसाने जन्मभर साऱ्या जगावर संशय घेतला, त्याच्यावर आता सारं गाव संशय घेत होतं, आणि त्याला चिडताही येईना.

गोरक्ष घरी येऊन गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला होता. अंगावरची माती त्याने धुतली नव्हती. गोजरबाईला तो विचारत होता, "काकू, उजव्या खांद्यावर माती हाय का बघ." गोजरबाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. तेवीस वर्षांपूर्वी याच अंगणात तिने हेच ऐकलं होतं.

कारभारीने स्वतः म्हशीची धार काढली, पेला भरला आणि पुतण्यापुढे धरला. गोरक्षने मान वर करून चुलत्याच्या तोंडाकडे पाहिलं. अशा नजरेने त्याने आजवर चुलत्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने पेला घेतला, आणि प्यायच्या आधी त्यात बोट बुडवलं.

कारभारीने ते बोट पाहिलं. हे पोरगं आता सत्तेचाळीस वर्षांचं होईपर्यंत असंच करणार, बायकोच्या हातचं, लेकरांच्या हातचं, सगळंच बोट बुडवून पिणार. आपण त्याला कुस्ती शिकवली आणि हेही शिकवलं. तो गोरक्षच्या शेजारी, तसाच भिंतीला टेकून, जमिनीवर बसला. तेवीस वर्षांत जे वाक्य त्याने मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं, ते आता बोलायला त्याला फार कष्ट पडले.

"गोरक्ष, सावरखेडीला बन्सीनं मला चीत केलं हुतं," तो म्हणाला. "खरंच केलं हुतं. माझी पाठ लागली हुती."

 गोठ्यात म्हैस वैरण चघळत होती. गोरक्षचं बोट अजून दुधातच होतं. हळूच त्याने ते बाहेर काढलं, थेंब कसा ओघळतो ते न बघताच तोंडात घातलं.

"दूध चांगलं हाय, तात्या," तो म्हणाला, आणि पेला तोंडाला लावला.